फाईल कुणाकडे आहे?

हा प्रश्न आता सॉफ्टवेअर कंपन्यांत ऐकू येत नाही. नव्वदच्या दशकात पुण्या-मुंबईत प्रोग्रामर म्हणून नोकरीला लागलेल्या आमच्या पिढीने तो रोज ऐकला आणि रोज विचारला. एका फाईलमध्ये एका वेळी एकानेच बदल करायचा असा नियम होता, आणि बदल करण्याआधी तसं सांगायचं, असाही. आता कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. फाईल उघडायची, हव्या त्या ओळी बदलायच्या. काय बदललं ते गिट नावाचं सॉफ्टवेअर मागाहून आपलं आपण शोधून काढतं. पूर्वी बदल आधी जाहीर व्हायचा, आता तो नंतर सापडतो. ही सोय फार मोठी आहे, तिच्यावाचून आजचं काम एक दिवसही चालणार नाही. तरी त्या जाहीर करण्याबरोबर काहीतरी गेलं याची हळहळ वाटते, आणि ती हळहळ कितपत खरी हे एकदा तपासून पाहावंसंही वाटतं.

अगदी सुरुवातीला तर सांगायला सॉफ्टवेअरही नव्हतं. छोट्या कंपन्यांत डॉसवर चालणारे संगणक असत आणि एकाची फाईल दुसऱ्याकडे जायची ती फ्लॉपीवरून. दोघांचं काम एकत्र करायचं म्हणजे दोघांच्या फाईलींची यादी काढून शेजारी शेजारी ठेवायची: नाव, आकार, तारीख, वेळ. एकाने बोट ठेवून वाचायचं, दुसऱ्याने 'सारखी' किंवा 'वेगळी' म्हणायचं. आकार जुळला आणि वेळही जुळली की फाईल तीच, असं धरून पुढे जायचं. जुळलं नाही तर एफसी ही कमांड देऊन दोन्ही फाईली ओळ न् ओळ ताडून बघायच्या. नॉर्टन कमांडर आला तेव्हा हे काम दोन निळ्या चौकटींत होऊ लागलं. वेगळ्या निघालेल्या फाईली पिवळ्या होऊन उठून दिसायच्या. डॉसकडे स्वतःची एक खूणही होती, आर्काइव्ह बिट. फाईलमध्ये काही लिहिलं गेलं की डॉस तो बिट लावून ठेवायचं. एक्सकॉपीला 'एम' हा पर्याय दिला की तेवढ्याच फाईली फ्लॉपीवर उतरायच्या आणि खूण पुसली जायची. दिवसभरात आपण काय काय केलं याचा तो एवढाच, पण चोख हिशेब होता.

आज गिटला 'स्टेटस' विचारलं की क्षणात उत्तर येतं. ते उत्तर कसं येतं हे आमच्या पिढीने मुद्दाम समजून घ्यावं असं मला वाटतं, कारण त्यात आमची जुनी युक्ती जशीच्या तशी आहे. गिट प्रत्येक फाईल उघडून वाचत नाही. 'इंडेक्स' नावाच्या एका फाईलमध्ये त्याने प्रत्येक फाईलचा आकार, शेवटच्या बदलाची वेळ, डिस्कवरचा तिचा आयनोड क्रमांक अशा गोष्टी टिपून ठेवलेल्या असतात. स्टेटस विचारलं की ते ऑपरेटिंग सिस्टिमकडून प्रत्येक फाईलची ताजी माहिती मागवतं आणि टिपणाशी ताडून पाहतं. जुळलं तर पुढे. जुळलं नाही तरच फाईल उघडायची. स्वयंपाकघरातला डबा नुसता उचलून, झाकण न काढता, आत किती उरलंय हे आईला कळायचं, तसंच हे. आम्ही बोट ठेवून आकार आणि वेळ वाचत होतो, गिटही आकार आणि वेळच वाचतं. फरक वेगाचा आहे. आमच्या दोघांच्या एका संध्याकाळीत जितक्या फाईली बघून व्हायच्या, तितक्या ते डोळ्याचं पातं लवायच्या आत बघतं.

युक्ती तीच असल्यामुळे तिच्यातली खोटही तीच. डॉसच्या फाईल सिस्टिममध्ये वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्याने लिहिली जायची. त्या दोन सेकंदांत फाईल दुसऱ्यांदा साठवली आणि आकार तेवढाच राहिला, म्हणजे समजा एका ठिकाणी ३ च्या जागी ५ झाले, तर यादी वाचणाऱ्याला काही कळायचं नाही. गिटपुढेही हाच पेच आला. गिटने इंडेक्स लिहिला आणि त्याच सेकंदात कुणी फाईल तितक्याच आकाराची पण वेगळी करून ठेवली, तर आकार आणि वेळ दोन्ही खोटी साक्ष देतात. गिटच्या मंडळींनी यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. फाईलची वेळ इंडेक्सच्या वेळेइतकी किंवा तिच्याही पुढची असेल तर तिच्यावर विश्वासच ठेवायचा नाही. सरळ उघडून मजकूर वाचायचा. कुठल्या घटकेच्या साक्षीवर भरवसा ठेवू नये हे ठरवून टाकणं, ही अनुभवी माणसाची रीत. आमच्याकडेही एखादा ज्येष्ठ सहकारी असायचा, जो शेवटच्या क्षणी बदललेल्या फाईली, आकार आणि वेळ जुळत असूनही, पुन्हा एकदा उघडून बघायचा. आम्हाला तो संशयी वाटायचा.

गिट फाईल उघडतं तेव्हा मात्र आमच्या कुवतीपलीकडचं काम करतं. सगळ्या मजकुरावरून ते एक हॅश काढतं, एसएचए-१ या पद्धतीने, चाळीस अक्षरी. मजकुरातला एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी चाळीसच्या चाळीस अक्षरांचा नूर पालटतो, आणि जगात कुठेही तोच मजकूर असला तर हॅश तोच येतो. म्हणून नुसती वेळ बदलली आणि मजकूर तसाच राहिला तर गिट फसत नाही. २०१७ मध्ये गूगल आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संस्थेच्या संशोधकांनी एकच एसएचए-१ असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ तयार करून दाखवल्या, तेव्हा या भरवशालाही तडा जाऊ शकतो हे सिद्ध झालं आणि गिटने त्याविरुद्ध बंदोबस्तही केला. पण अशी जोडी आपसूक जमून येण्याची धास्ती रोजच्या कामात कुणी बाळगत नाही.

'फाईल कुणाकडे आहे?' हा प्रश्न जन्माला घातला तो कुलपाने. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये मार्क रोचकाइंड यांनी १९७२ मध्ये फाईलींच्या आवृत्त्या सांभाळणारं एससीसीएस लिहिलं. पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिखी यांनी १९८२ च्या सुमारास आरसीएस आणलं. युनिक्सवर काम करणाऱ्या आमच्यातल्या बहुतेकांच्या हाताला आरसीएसचं वळण आहे. या सॉफ्टवेअरना बदल शोधावाच लागत नसे, कारण तो आधी सांगितलेला असे. फाईल नुसती मागितली तर ती फक्त वाचायला मिळायची. एडिटरमध्ये उघडून लिहायला जावं तर साठवताना नकार. बदल करायचा असेल तर 'सीओ' कमांडला 'एल' जोडून लॉक घ्यायचं. ते घेतलं की फाईल आपली आणि बाकीच्यांना मज्जाव. काम संपलं की 'सीआय'. मग पडद्यावर प्रश्न यायचा: काय बदललं, लिहा. आपण दोन-चार ओळी लिहायच्या आणि शेवटी एका रिकाम्या ओळीवर फक्त एक टिंब द्यायचं. टिंब दिलं की बदल दप्तरी दाखल. आणि वेगळं सांगितलं नसेल तर कामाची फाईल आपल्या डिरेक्टरीतून नाहीशी व्हायची. काम झालं, वस्तू जागेवर गेली. त्या टिंबानंतर हात कीबोर्डवरून उचलून खुर्चीला टेकायचं, मग चहाला उठायचं. आता कमिट करून, म्हणजे गिटमध्ये बदल नोंदवून, कुणी उठत नाही. कमिट दिवसात वीसदा होतं, आणि वीसदा उठणारा माणूस कामाचा नाही.

लॉक घेण्याआधीचं बोलणंही त्या रीतीचाच भाग होतं. 'मी संध्याकाळपर्यंत बिलिंगचं मॉड्यूल घेतोय, कुणाला हवंय का?' असं क्युबिकलच्या भिंतीवरून विचारलं की पलीकडून कुणीतरी 'थांब, माझ्या चार ओळी टाकून होऊ देत' म्हणायचं. आणि मग बहुतेकदा कळायचं की ते चार ओळींचं काम आणि आपलं काम एकाच दोषाच्या मागे आहे. तो दोष दोघांनी मिळून एकदाच निस्तरायचा. आज तीच दोन माणसं, एक बाणेरला आपल्या घरी आणि एक न्यू जर्सीत, तोच दोष आपापल्या ब्रँचवर आपापल्या परीने निस्तरतात. गिट मर्जच्या वेळी दोघांना सांगतं की अमुक ओळींवर कॉन्फ्लिक्ट आहे. ते ओळी अचूक सांगतं. दोघांनी आधी बोलायला हवं होतं, हे त्याने सांगावं अशी अपेक्षाही नाही.

पण त्याच लॉकने आमचे किती हाल केले, हे विसरून चालणार नाही. गणपतीला कोकणात गेलेल्या माणसाच्या नावावर फाईल अडकलेली, रिलीज दोन दिवसांवर, आणि त्याच्या गावात फोन एकच, तोही वाण्याच्या दुकानात. निरोप ठेवायचा, त्याने एसटीडीवरून उलटा फोन करायचा, आणि बोलून होईपर्यंत मीटरकडे बघायचं. शेवटी लॉक तोडावं लागायचं. आरसीएसने त्यासाठीही शिष्टाचार घालून दिला होता: दुसऱ्याचं लॉक तोडणाऱ्याला कारण विचारलं जायचं आणि ते कारण मूळ माणसाला मेलने कळवलं जायचं. मला ही तरतूद आजही सुसंस्कृत वाटते. पण लॉक तोडल्यावर त्या माणसाचं अर्धवट काम त्याच्या डिरेक्टरीत तसंच पडून राहायचं आणि सुट्टीवरून परतल्यावर त्याला दोन दिवस त्याचा मेळ घालत बसावं लागायचं, हेही खरं. आम्ही एकमेकांशी बोलत होतो, कारण बोलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. त्या बोलण्याला निखळ आपुलकी म्हणणं आज सोपं आहे.

हे कुलूप निघालं त्यामागची हकिकत मोठी मानवी आहे. अ‍ॅमस्टरडॅमच्या व्ह्राये विद्यापीठात डिक ग्रूने आणि त्यांचे दोन विद्यार्थी मिळून एक सी कंपायलर लिहीत होते आणि तिघांच्या कामाच्या वेळांचा एकमेकांशी काही मेळ नव्हता. एक जण लॉक घेऊन घरी गेला की दुसरा खोळंबायचा. म्हणून १९८६ मध्ये ग्रूने यांनी आरसीएसवर शेल स्क्रिप्टांचा एक थर चढवला आणि सीव्हीएसची सुरुवात झाली. सगळ्यांनी एकाच वेळी लिहावं, मागाहून जुळवावं. पण आधी कुणी सांगणारच नसेल तर काय बदललं हे कळायचं कसं? म्हणून सीव्हीएस प्रत्येक डिरेक्टरीत 'एंट्रीज' नावाची एक यादी ठेवू लागलं: फाईलचं नाव, आवृत्ती, वेळ. वेळ बदललेली दिसली की फाईल संशयित. पुढे २००४ मध्ये सबव्हर्जन १.० आलं. ते प्रत्येक फाईलची एक कोरी प्रत आपल्याजवळ लपवून ठेवायचं, म्हणजे शंका आली की सर्व्हरला न विचारता त्या प्रतीशी ताडून बघता यायचं. डिस्कवरची जागा दुप्पट जायची. आम्ही जागेसाठी भांडायचो, आणि विमानात किंवा वीज गेलेल्या दुपारी लॅपटॉपवर बसून आपणच केलेले बदल बघता येतात म्हणून मनातून खूशही असायचो. एप्रिल २००५ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी गिट सुरू केलं तेव्हा तर सगळा इतिहासच प्रत्येकाच्या संगणकावर आला.

फाईलचं नाव बदललं तर सबव्हर्जनला ते सांगावं लागायचं. नाही सांगितलं तर जुनी फाईल हरवली आणि नवीच कुणी आली, असं ते धरायचं. गिटला सांगण्याची सोयच नाही. एक नाव गेलं, दुसरं आलं आणि दोन्हींचा मजकूर निम्म्याहून अधिक जुळला, तर ही नाव बदललेली तीच फाईल, असा ते अंदाज करतं. बहुतेकदा बरोबर असतो. तरी मला 'सांगणं' आणि 'अंदाज' यांत फरक वाटतो. तसंच डिफचं. बेल लॅब्जमध्ये डग्लस मॅक्लरॉय आणि जेम्स हंट यांनी सत्तरच्या दशकात लिहिलेला हा प्रोग्राम जुन्या आणि नव्या मजकुरातल्या सामाईक ओळींचा सर्वांत लांब माग काढतो आणि उरलेलं 'गेलं' किंवा 'आलं' म्हणून दाखवतो. गिट आज जी रीत वापरतं ती १९८६ च्या युजीन मायर्स यांच्या निबंधातली, पण विचार तोच. आपण प्रत्यक्षात काय केलं हे डिफला ठाऊक नसतं. जुन्यावरून नव्यावर जाण्याची सर्वांत जवळची वाट कोणती, एवढंच ते सांगतं. एक फंक्शन उचलून दुसऱ्याच्या खाली ठेवलं तर कधीकधी डिफ म्हणतं की दुसरंच फंक्शन वर गेलं. गणित बरोबर, हकिकत वेगळी.

ती हकिकत आम्ही हाताने लिहायचो. प्रत्येक फाईलच्या माथ्यावर तक्ता असायचा: तारीख, आद्याक्षरं, कारण. जुनी ओळ खोडायची नाही, कॉमेंट करून ठेवायची आणि तिच्या आगे-मागे आपल्या खुणा घालायच्या. दहा वर्षं जुन्या फाईलचा तक्ता वाचताना ओळखीची आणि अनोळखी माणसं एकापाठोपाठ भेटायची. कुणाचं लग्न होऊन आडनाव बदलल्यावर आद्याक्षरं बदललेली दिसायची. आता असा तक्ता लिहिणाऱ्या नव्या मुलाला रिव्ह्यूमध्ये तो काढायला सांगतात, आणि योग्यच सांगतात. कारण गिट ब्लेम प्रत्येक ओळीसमोर ती कुणी आणि कधी लिहिली हे दाखवतं, आणि आमचे तक्ते खोटं बोलायचे. घाईत कुणी तक्ता भरत नसे. कुणी भरून कोड बदलायला विसरत असे. मेलेल्या ओळींच्या ढिगात जिवंत ओळ शोधताना डोळे दुखायचे. एवढं सगळं कबूल करूनही ती आद्याक्षरं मला आठवतात, आणि कालच्या कमिटवर कुणाचं नाव होतं ते आठवत नाही.

मराठीत काम करणाऱ्यांना बदल ओळखण्याची एक वेगळीच अडचण भेटते. 'दुसऱ्या' हा शब्द घ्या. यातला ऱ्य एकाच्या कीबोर्डवरून ऱ हे स्वतंत्र अक्षर, हलंत आणि य असा उमटतो. दुसऱ्याच्या कीबोर्डवरून साधा र, हलंत, एक न दिसणारा जोडक आणि मग य. युनिकोडमध्ये दोन्ही चालतं, पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं. पण यूटीएफ-८ मध्ये पहिल्याचे नऊ बाइट होतात आणि दुसऱ्याचे बारा. मराठी भाषांतराच्या फाईलीत कुणी एक ओळ नुसती पुन्हा टंकली तरी गिट म्हणतं बदललं. डिफमध्ये वरची लाल ओळ आणि खालची हिरवी ओळ अक्षरशः एकसारखी. माणूस चष्मा पुसून पुन्हा बघतो. पूर्वी प्रुफं तपासताना दोघं बसायचे, एक मोठ्याने वाचायचा आणि एक कागदावर नजर ठेवायचा. त्या दोघांनी या दोन ओळींना सारखंच म्हटलं असतं, आणि वाचकाच्या दृष्टीने ते बरोबर ठरलं असतं. पण पुढे त्याच फाईलीत 'दुसऱ्या' हा शब्द शोधताना अर्ध्या जागा सापडल्या नसत्या, तेव्हा गिट बरोबर ठरलं असतं.

आता तर फाईलींकडे जाऊन बघणंही जड होऊ लागलं आहे. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये विंडोजचा सगळा कोड गिटमध्ये नेला तेव्हा त्यात सुमारे ३५ लाख फाईली होत्या. एवढ्यांचे आकार आणि वेळा प्रत्येक वेळी विचारत बसणं परवडत नाही. म्हणून फेसबुकने २०१३ मध्ये खुला केलेला वॉचमन किंवा गिटच्या २०२२ मधल्या २.३७ आवृत्तीत विंडोज आणि मॅकसाठी आलेला फाईल सिस्टिम मॉनिटर वेगळी वाट धरतो. ऑपरेटिंग सिस्टिमच सांगते की अमुक फाईलला हात लागला, आणि गिट तेवढीच तपासतं. म्हणजे फिरून सांगण्यावरच आलो, फक्त सांगणारा माणूस राहिला नाही. जुजुत्सूसारखी नवी सॉफ्टवेअर त्याही पुढे गेली आहेत. त्यांत काही 'जोडायला' सांगावंच लागत नाही. कुठलीही कमांड द्या, त्याआधी सगळ्या फाईलींची आत्ताची अवस्था टिपली जाते. काम हरवण्याची भीती जवळजवळ संपली. फ्लॉपी खराब निघाल्यामुळे आठवड्याचं काम गेलेल्या माणसांचे चेहरे ज्यांनी पाहिले, त्यांनी या सोयीबद्दल कुरकुर करू नये, आणि मी करत नाही.

एक रीत मात्र जिवंत आहे आणि ती नव्यांच्या हाती द्यावी यासाठी मी धडपडतो. 'गिट अ‍ॅड' या कमांडला 'पी' जोडलं की गिट आपला बदल तुकड्यातुकड्याने समोर ठेवतं आणि प्रत्येक तुकड्यापाशी थांबून विचारतं: हा घ्यायचा का? वाय किंवा एन. सहज म्हणून घातलेली एखादी प्रिंटची ओळ तिथे दिसते, अर्धवट सोडलेला विचार तिथे दिसतो. कधी शेजाऱ्याला बोलावून 'हे बघ, इथे मी तुझ्या मॉड्यूलला हात लावलाय' असं सांगावंसं वाटतं. आजकाल कोडचा मोठा भाग यंत्रच लिहून देतं, तेव्हा तर आपण न टंकलेल्या ओळी निदान वाचायची ही एकच जागा उरली आहे. आमच्या टीममध्ये येणाऱ्या मुलामुलींना मी पहिल्याच आठवड्यात हे शिकवतो. काही जण ते मनापासून उचलतात आणि तुकडे वाचताना हळू आवाजात पुटपुटतात. काही जण 'गिट अ‍ॅड डॉट' देऊन सगळं एकदम घेतात, आणि त्यांचंही काम नीट चालतं.